भारत-जर्मनी उच्च शिक्षण खर्च: भागाकार करण्याआधी काय जुळवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधिकेसाठी भारत आणि जर्मनी यांच्या उच्च शिक्षणावरच्या सरकारी खर्चाची तुलना करायची आहे. तुम्ही केंद्रीय अर्थसंकल्पातून उच्च शिक्षण विभागाची २०२४-२५ ची तरतूद घेतली, सुमारे ४७,६२० कोटी रुपये. तिला जीडीपीने भागल्यावर ०.१५ टक्क्याच्या आसपास आलं. जर्मनीचा आकडा ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या तक्त्यातून घेतला, तो साधारण एक टक्का. म्हणजे जर्मनीचा खर्च आपल्या सहा-सातपट, असा निष्कर्ष लिहिला आणि मार्गदर्शकांनी ‘हे पटत नाही’ म्हणून परत पाठवलं. नेमकं कुठे चुकलं, आणि बरोबर तुलना कशी करायची?

भागाकारात चूक नाही. चूक त्याच्या आधीची आहे. एका पारड्यात तुम्ही एका मंत्रालयाची तरतूद ठेवली आणि दुसऱ्यात एका अख्ख्या देशातल्या सगळ्या सरकारांचा मिळून झालेला खर्च. हीच रीत उलट वापरली, म्हणजे जर्मनीच्याही फक्त केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं बजेट घेतलं, तर जर्मनीचा आकडाही एकदम खाली येईल. तिथली विद्यापीठं राज्यांची आहेत. म्युनिकच्या विद्यापीठाचा मुख्य खर्च बव्हेरिया राज्य करतं, बर्लिनचं केंद्र सरकार नाही. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा पगार दिल्लीच्या बजेटात शोधून सापडणार नाही. तो मुंबईत, राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अर्थसंकल्पीय मागण्यांत असतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल, ती दुसरं कोणी ठरवून देऊ शकत नाही. तुम्हाला विचारायचंय काय? सरकार आपल्या ऐपतीच्या मानाने किती खर्च करतं, हा प्रश्न असेल तर जीडीपीची टक्केवारी घ्या, किंवा एकूण सरकारी खर्चातला हिस्सा घ्या. एका विद्यार्थ्यामागे वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किती पैसा पोचतो हे बघायचं असेल तर दरडोई खर्च आणि क्रयशक्तीचा दर (दोन देशांतल्या किमतींची पातळी जुळवून काढलेला चलनाचा दर) लागेल. शिक्षणाचा भार सरकारवर किती आणि पालकांच्या खिशावर किती, हा प्रश्न असेल तर खाजगी खर्चाचा आकडाही लागेल, आणि भारतासाठी तो सगळ्यांत अवघड आहे. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. ‘कोण जास्त खर्च करतो’ असा मोघम प्रश्न ठेवलात तर तिन्हींची भेसळ होते. पुढचं विवेचन पहिला प्रश्न धरून केलं आहे, कारण तुमच्या मांडणीवरून रोख तोच दिसतो.

भारताच्या बाजूने सुरुवात करा, कारण खरं काम तिथेच आहे. एक मोठी सोय अशी की केंद्र आणि सगळी राज्यं एकाच पद्धतीची लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या नोंदीचे ठरलेले क्रमांक, वापरतात. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, आणि त्यातलं ०३ हे विद्यापीठ व उच्च शिक्षणाचं. २२०३ म्हणजे तंत्रशिक्षण. ४२०२ मध्ये भांडवली खर्च येतो, पण त्यात शाळांच्या इमारती, क्रीडासंकुलं आणि सांस्कृतिक खर्चही असतो, म्हणून आतली फोड पाहिल्याशिवाय अख्खी रक्कम उचलू नका. २२१०-०५ हे वैद्यकीय शिक्षणाचं. २४१५ कृषी संशोधन व शिक्षणाचं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं कृषी विभागाकडे आहेत, त्यामुळे फक्त २२०२ बघणाऱ्याच्या हिशेबातून ती पूर्ण गळतात. केंद्रातही तसंच. एम्स आरोग्य मंत्रालयाकडे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था अणुऊर्जा विभागाकडे, निफ्ट वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे.

सगळ्या राज्यांची पुस्तकं स्वतः चाळायची गरज नाही. शिक्षण मंत्रालय अर्थसंकल्पीय शिक्षणखर्चाचं विश्लेषण प्रसिद्ध करतं. त्यात केंद्र आणि राज्यं, शिक्षण विभाग आणि इतर विभाग, अशी फोड मिळते. हा ‘इतर विभाग’ रकाना फार महत्त्वाचा. आर्थिक पाहणीत भारताचा शिक्षणावरचा एकूण सरकारी खर्च जीडीपीच्या २.९ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि मंत्रालयाच्या विश्लेषणात तोच चार टक्क्यांच्या वर जातो, याचं मुख्य कारण हा रकाना. दोन्ही आकडे आपापल्या चौकटीत खरे आहेत. एका वर्षासाठी एक आणि पुढच्या वर्षासाठी दुसरा वापरला की मात्र नसलेली वाढ किंवा नसलेली घट दिसायला लागते. शिवाय हे दोन्ही आकडे बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतच्या सगळ्या शिक्षणाचे आहेत. कोठारी आयोगापासून २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापर्यंत जे सहा टक्क्यांचं उद्दिष्ट येतं, तेही एकूण शिक्षणाचं. त्याची सांगड जर्मनीच्या फक्त उच्च शिक्षणाच्या एका टक्क्याशी घालू नका.

एकच शीर्ष धरून बसलं की काय होतं ते एका उदाहरणात जवळून बघा. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात यूजीसीला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाला, सुमारे ५,३६० कोटी रुपये होते. २०२४-२५ मध्ये २,५०० कोटी. निम्म्याहून जास्त कपात, बातम्याही तशाच आल्या. पण त्याच दोन वर्षांत केंद्रीय विद्यापीठांची तरतूद सुमारे ११,५२८ कोटींवरून १५,९२८ कोटींवर गेली. दोन्हींची बेरीज करा: १६,८८८ कोटींवरून १८,४२८ कोटी. म्हणजे बेरीज वाढली आहे. एखाद्या संस्थेचं नाव असलेली ओळ ही त्या क्षेत्रावरच्या खर्चाची ओळ नसते. दोन वर्षांची तुलना करताना आधी ओळींचा गट करा आणि मग वाढ-घट काढा.

तरतूद आणि खर्च यांतला फरकही पाळायलाच हवा. अर्थसंकल्पात प्रत्येक वर्षाचे तीन आकडे येतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. केंद्राच्या उच्च शिक्षण विभागाचा २०२३-२४ चा अर्थसंकल्पीय अंदाज होता सुमारे ४४,०९५ कोटी आणि सुधारित अंदाज ५७,२४४ कोटी. एकाच वर्षाचे दोन अंदाज, आणि फरक तेरा हजार कोटींचा. ओईसीडीचे आकडे झालेल्या खर्चाचे असतात, म्हणून भारताचाही प्रत्यक्ष खर्चच घ्या. तो दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात छापला जातो, त्यामुळे तुलना तीन-चार वर्षं जुन्या वर्षाची होईल. ताज्या वर्षाच्या हट्टापायी अंदाज वापरले की पुढचं सगळं गणित डळमळीत होतं.

आता दोनदा मोजणं. केंद्र राज्यांना पीएम-उषासारख्या उच्च शिक्षणाच्या योजनेतून पैसे देतं (आधीची रुसा), तेव्हा तीच रक्कम केंद्राच्या पुस्तकात राज्यांना दिलेलं अनुदान म्हणून आणि राज्याच्या पुस्तकात २२०२ खालचा खर्च म्हणून, अशी दोनदा येते. बेरीज करताना केंद्राकडून राज्यांना गेलेली रक्कम एका बाजूने वजा करा. शिक्षण उपकराचा पैसा जिथे जमा होतो त्या माध्यमिक आणि उच्चतर शिक्षा कोशाचंही तसंच आहे. उपकराचे पैसे कोशात वळवल्याची नोंद असते आणि कोशातून खर्च झाल्याचीही असते, म्हणून मागणीतला निव्वळ आकडा घ्या.

सर्वांत जास्त हातून निसटणारी रक्कम म्हणजे शुल्क प्रतिपूर्ती आणि शिष्यवृत्ती. महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची फी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलमार्फत सरकार भरतं. हा पैसा सामाजिक न्याय विभागाचा, लेखाशीर्ष २२२५. इतर मागास बहुजन कल्याण विभाग आणि आदिवासी विकास विभाग यांच्याकडेही अशाच योजना आहेत. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीचा भारही राज्याने उचलला. २२०२ आणि २२०३ वरच थांबलात तर यातला मोठा भाग तुमच्या तक्त्यात येणारच नाही, आणि तिकडे जर्मनीच्या आकड्यात मात्र विद्यार्थ्यांना दिलेली आर्थिक मदत बसलेली असेल. मला हा दोष सर्वांत गंभीर वाटतो, कारण ज्या मुलांसाठी सरकारचा पैसा खरोखर निर्णायक ठरतो, त्यांच्यावरचाच खर्च त्यात अदृश्य होतो.

निवृत्तिवेतनाची गोष्ट दोन्ही देशांना लागू आहे. आपल्याकडे निवृत्त प्राध्यापकांचं निवृत्तिवेतन २०७१ या वेगळ्या शीर्षाखाली जातं. अनुदानित संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी त्यातच स्वतंत्र उपशीर्ष आहे. जर्मनीत बरेचसे प्राध्यापक सरकारी सेवक असतात. त्यांच्या पगारातून निवृत्तिवेतनाचं अंशदान कापलं जात नाही, पण आंतरराष्ट्रीय आकडे तयार करताना तेवढी रक्कम कल्पून खर्चात मिळवली जाते. म्हणजे तिकडे आत, इकडे बाहेर. यावर दोनच मार्ग आहेत. जर्मनीच्या आकड्यातून ती वजा करा, किंवा भारताच्या पगारखर्चावर ठराविक टक्के चढवा आणि किती चढवले ते लिहा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. २०७१ ची आजची रक्कम ही जुन्या पिढीच्या नोकरीची किंमत आहे, आजच्या शिक्षणाची नाही.

आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांचं बांधकाम घेत असाल तर हेफाकडेही लक्ष द्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या वित्तसंस्थेकडून केंद्रीय संस्था कर्ज काढतात, इमारत आज उभी राहते आणि परतफेडीचं अनुदान पुढची अनेक वर्षं बजेटात दिसत राहतं. कर्जाची रक्कम आणि परतफेडीचं अनुदान दोन्ही मोजू नका. मी परतफेडीचं अनुदान मोजतो, कारण अर्थसंकल्पातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा पैसा तोच.

जर्मनीकडे तयार आकडे भरपूर, पण तिथे अडचण वेगळी: नाव एकच आणि आतला माल वेगळा. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या, देस्तातिसच्या, उच्च शिक्षण संस्थांच्या खर्चात विद्यापीठ रुग्णालयंही असतात. एकूण खर्चापैकी जवळपास निम्मा वैद्यकीय संस्थांचा असतो आणि तो बराचसा रुग्णसेवेतून मिळालेल्या पैशातून भागतो. हा आकडा उचलून भारताच्या २२०२-०३ शेजारी ठेवणं म्हणजे ससून रुग्णालयातल्या औषधांचा खर्च बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिक्षणखर्चात धरण्यासारखं आहे. ओईसीडीच्या आकड्यात रुग्णसेवा वगळलेली असते. म्हणून जर्मनीसाठी ओईसीडीचा आकडा घ्या आणि भारतासाठी २२१० मधलं फक्त ०५ घ्या, रुग्णालयांची शीर्षं सोडा.

संशोधनाचंही असंच. जर्मनीत विद्यार्थ्यामागच्या खर्चातला साधारण पाचांत दोन हिस्से खर्च संशोधनाचा असतो. त्यात डीएफजी या संशोधन निधी संस्थेचा पैसा येतो आणि तिचा भार केंद्र व राज्यं ५८:४२ या प्रमाणात उचलतात. पण माक्स प्लांक किंवा फ्राउनहोफर संस्थांचा पैसा उच्च शिक्षणात मोजला जात नाही, कारण त्या विद्यापीठाबाहेर आहेत. भारतात सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा, उदाहरणार्थ पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, याच जातीच्या, म्हणून त्याही बाहेर ठेवा. उलट विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाकडून विद्यापीठांना मिळणारी संशोधन अनुदानं, संशोधनासह तुलना करायची असेल तर, आत घ्यावी लागतील. ती विभागवार गोळा करणं जिकिरीचं आहे. वेळ कमी असेल तर ओईसीडीचा संशोधन वगळून दिलेला आकडा वापरा आणि भारताचाही संशोधनाशिवायचा घ्या.

आणखी एक सापळा आकड्याच्या नावातच आहे. ओईसीडी ज्याला तृतीय स्तर म्हणते तो म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या ५ ते ८ या पातळ्या. जर्मनीत त्यात विद्यापीठांबरोबर फाखशूले येतात, म्हणजे बालवाडी शिक्षक किंवा ‘माइस्टर’ दर्जाचे कारागीर घडवणाऱ्या संस्था. पण कंपनीत काम करत शिकण्याची तिथली प्रसिद्ध दुहेरी प्रशिक्षण पद्धत यात येत नाही, आणि परिचारिकांचं बरंचसं शिक्षणही येत नाही. आपल्याकडे नर्सिंगची पदवी आणि पदविका उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणात मोजल्या जातात. दहावीनंतरचा तंत्रनिकेतनचा डिप्लोमा २२०३ मध्ये असतो, तो ठेवायचा की काढायचा ते आधी ठरवा आणि त्याचे विद्यार्थीही त्याच नियमाने धरा. अकरावी-बारावी मात्र नक्की काढा. कनिष्ठ महाविद्यालय वरिष्ठच्याच इमारतीत भरत असलं तरी ते शालेय शिक्षण विभागाकडे आहे.

विद्यार्थ्यांना थेट मिळणारी मदत जर्मनीत मोठी आहे. बाफॉग ही योजना अर्धं अनुदान आणि अर्धं बिनव्याजी कर्ज अशी चालते आणि २०१५ पासून तिचा सगळा भार केंद्र उचलतं. मूल शिकत असेल तर २५ व्या वर्षापर्यंत पालकांना बालभत्ता, किंडरगेल्ड, मिळतो. तुम्ही निवडलेल्या तक्त्यात हे दोन्ही आहेत का, ते तळटिपेत बघा. संस्थांना दिलेला पैसा वेगळा आणि कुटुंबांना दिलेला वेगळा, असे दोन रकाने ठेवलेत तर हा गुंता आपोआप सुटतो. भारताची २२२५ मधली शिष्यवृत्ती दुसऱ्या रकान्यात जाईल.

इथपर्यंत अंश जुळला. छेद अजून बाकी आहे, पण तो सोपा आहे. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. २०२१-२२ ला २०२१ शी जोडा, कारण नऊ महिने सामाईक आहेत. २०२०-२१ हे एकटं वर्ष घेऊ नका. त्या वर्षी भारताचा जीडीपीच आक्रसला, त्यामुळे खर्च तेवढाच राहिला तरी टक्केवारी वाढलेली दिसते. तीन वर्षांची सरासरी काढा, म्हणजे असे धक्के बोथट होतात.

दरडोई खर्चाकडे वळलात तर विनिमय दराने रूपांतर करू नका. २०१७ च्या किमतींच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता, पण क्रयशक्तीनुसार दर होता २०.६५ रुपये. एका विद्यार्थ्यामागे एक लाख रुपये खर्च असेल तर पहिल्या दराने ते १,५३६ डॉलर होतात आणि दुसऱ्या दराने ४,८४३. तिपटीहून जास्त फरक, आणि प्राध्यापक, वर्ग, विद्यार्थी सगळे तेच. पण हा दरही अख्ख्या जीडीपीचा आहे. पगार स्थानिक किमतीत मोजले जातात, आयात केलेलं प्रयोगशाळेतलं उपकरण मात्र डॉलरमध्येच घ्यावं लागतं. विज्ञानशाखांपुरती तुलना असेल तर ही मर्यादा लिहून ठेवा.

विद्यार्थिसंख्येत भारताचे २०२१-२२ चे ४.३३ कोटी विद्यार्थी सरसकट छेदात घालणं हा नेहमीचा घोटाळा. त्यात दूरशिक्षणाचे चाळीस लाखांहून जास्त विद्यार्थी आहेत, आणि जिथे संस्थेला सरकारचं थेट अनुदान जात नाही अशा विनाअनुदानित महाविद्यालयांतलेही. जर्मनीचे साधारण २९ लाख विद्यार्थी बहुतांश सरकारी संस्थांतले आहेत. सरकारी आणि अनुदानित संस्थांवरचा खर्च त्याच संस्थांच्या विद्यार्थ्यांनी भागा. सगळ्या विद्यार्थ्यांवर भागलेला आकडाही द्या, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं स्पष्ट लिहा. यूनेस्कोच्या तक्त्यात दरडोई जीडीपीच्या टक्क्यांत विद्यार्थ्यामागचा खर्च मिळतो. कमी उत्पन्नाच्या देशांत तो फुगलेला दिसतो, कारण तिथे प्राध्यापकाचा पगार सरासरी उत्पन्नाच्या कित्येक पट असतो.

जर्मनी निवडलीत ते एका अर्थाने सोयीचं झालं. तिथे शेवटची शिक्षण शुल्कं २०१४ मध्ये बंद झाली. २०१७ पासून बाडेन-व्युर्टेंबर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, हा एक मोठा अपवाद. इंग्लंड निवडलं असतंत तर विद्यार्थी कर्जांनी घाम काढला असता. तिथे फी कर्जातून भरली जाते आणि कर्जाचा एक भाग परत येणारच नाही हे सरकारला आधीच माहीत असतं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने तो भाग कर्ज दिलं त्याच वर्षी सरकारी खर्च म्हणून नोंदवायला सुरुवात केली. विद्यापीठं तीच, विद्यार्थी तेच, पण एका वर्षाच्या तुटीत सुमारे १२ अब्ज पौंडांची भर पडली.

दोन महिने हातात असतील तर असं करा. जर्मनीसाठी ओईसीडीचा २०१९ ते २०२१ चा सरकारी खर्च घ्या, तृतीय स्तर, संशोधन वगळून, संस्थांवरचा आणि कुटुंबांना दिलेला वेगवेगळा. भारतासाठी शिक्षण मंत्रालयाच्या विश्लेषणातून केंद्र-राज्यांचा उच्च आणि तंत्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च घ्या आणि इतर विभागांचा भाग त्यात मिळवा. शिष्यवृत्तीसाठी सगळी राज्यं जमणार नाहीत. महाराष्ट्रासह तीन-चार मोठ्या राज्यांची २२२५ मधली रक्कम काढा आणि त्यावरून अंदाज बांधा. प्रत्येक शंकास्पद बाबीसाठी, म्हणजे निवृत्तिवेतन, डिप्लोमा आणि शिष्यवृत्ती, एकदा धरून आणि एकदा सोडून असं गणित दोनदा करा. हाती दोन टोकं येतील. प्रबंधिकेत ती दोन्ही छापा, आणि तक्त्याखालीच लिहा: केंद्र व राज्यं मिळून, प्रत्यक्ष खर्च, तीन वर्षांची सरासरी, रुग्णसेवा व संशोधन वगळून, निवृत्तिवेतन अमुक टक्के धरून. मार्गदर्शक सर्वांत आधी ही ओळ वाचतील, आकडा त्यानंतर.